रेघेपलीकडचं रान

संगणकाच्या पडद्यावर मी अप्पांचं रान पहिल्यांदा वरून पाहिलं. पायांना ते पाठ होतं. विहीर, विहिरीवर वाकलेली चिंच, नाल्याकडे उतरत जाणारी काळी माती. वरून मात्र ओळखायला वेळ लागला. चिंच म्हणजे नुसता गडद ठिपका होता आणि बांध म्हणजे कुणीतरी पेन्सिलीनं ओढून अर्धवट पुसल्यासारख्या रेषा. ओळख पटल्यावर मी खुर्ची पुढं ओढली. शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, "काय गं, काय सापडलं?"

"आमचं रान," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं की हे चुकीचं बोलले. आम्हाला रान नाहीच.

मी पुण्याला नगररचना शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी सांगताना मला अजून अडखळायला होतं. वडील धाराशिवला एका कापड दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसतात. आई आधी अप्पांच्या रानात खुरपायला जायची, आता शाळेत खिचडी शिजवते. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती समोरच्या घराच्या भिंतीकडे उघडते.

तरी माझ्या तोंडून 'आमचं रान' निघालं, त्याला कारण येळवस.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या असते. बोलताना सगळे येळवसच म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, स्टँडवरसुद्धा शुकशुकाट. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी बांधतात. कोपी म्हणजे माणूस वाकून आत जाईल एवढी लहानशी झोपडी. तिच्यात चुना दिलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की पालेभाज्या आणि शेंगा-दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. आणि ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलावतंच. आम्हाला अप्पा बोलवायचे. आई त्यांच्याकडे कामाला होती तेव्हाही, आणि काम सुटल्यावरही.

अप्पा लिंगायत, वय झालेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. घरात त्यांची आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे अव्वांची, बोली निम्मी कानडी. मी लहानपणी कोपीच्या तोंडाशी घुटमळत उभी राहिले की अव्वा "बा, कूडु" म्हणायच्या, म्हणजे ये, बस. कानडी मला तेवढंच कळायचं. चिंचेला झोका बांधलेला असायचा. त्या झोक्यावर बसून मी पुढच्या येळवसची वाट बघायला लागायचे, अजून ही येळवस संपलेली नसताना.

पुण्यात आल्यापासून दोन वेळा ती हुकली. परीक्षा नेमकी तेव्हाच असते. वसतिगृहाच्या मेसमध्ये त्या दिवशी मी भाजी-चपाती खाल्ली आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायला बसलं तर कोपीपासून सगळं समजावावं लागलं असतं.

आता कामाचं सांगते. धाराशिव शहराच्या वाढीची हद्द ठरत होती. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत शहर कुठवर पसरू द्यायचं, याची एक रेघ नकाशावर काढायची. रेघेच्या आत घरं, रस्ते, नळ, गटारी येणार. रेघेच्या बाहेर शेती ती शेतीच राहणार. आत पिवळा पट्टा, बाहेर हिरवा. ज्या संस्थेकडे हे काम होतं तिला नकाशासाठी विद्यार्थी हवे होते आणि आमच्या सरांनी आमचा गट दिला. ड्रोननं काढलेले फोटो बघायचे, जिथं घर दिसेल तिथं खूण करायची. सरांनी नियम सांगितला होता. जिथं लोक आधीच राहायला गेलेत ती जागा शक्यतो रेघेच्या आत घ्यायची, नाहीतर त्यांना पाणी आणि गटार कधी मिळणारच नाही. मला तो नियम पटला होता. अजून पटतो.

गावाच्या दक्षिणेचा तुकडा माझ्या दोन वर्गमित्रांकडे होता. त्यांनी खुणा करून संपवल्या आणि तो तुकडा तपासायला माझ्याकडे आला. नाल्याच्या पलीकडे रानारानांत लहान लहान ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याजवळ मोटारसायकली, एखादी जीप, माणसं. त्यांनी सगळीकडे 'विरळ वस्ती' असं लिहून ठेवलं होतं आणि त्या वस्तीला आत घेण्यासाठी रेघ नाला ओलांडून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली होती. अप्पांचं रान मधोमध, पिवळ्यात.

मी फोटो मोठा केला. चिंचेच्या ठिपक्याजवळ कडब्याचा रंग होता आणि त्याच्यावर टाकलेली एक तांबडी चादर. ती कोपी होती. ड्रोन नेमका येळवसला उडाला होता. माझ्या ज्या दोन मित्रांनी वस्ती लिहिली त्यांची यात काही चूक नव्हती. एक कोकणातला, एक नागपूरकडचा. एका दिवसासाठी अख्खं गाव झोपड्या बांधून रानात जाऊन बसतं, हे त्यांना कोण सांगणार?

ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी नुसती बघत बसले. त्या फोटोत कुठंतरी आई असेल असं वाटत होतं. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, तरी मी शोधत होते. मग दुसराही विचार आला. मी बोलले तर रेघ मागं येईल आणि रान राहील. मला तेच हवं होतं, आणि तेच हवं होतं म्हणून बोलायला भीती वाटली. माझ्या मनासारखं होतंय म्हणून मी खरं सांगतेय की खरं आहे म्हणून सांगतेय, हे मला नीट वेगळं करता येईना. म्हणून सरांना म्हटलं की तपासायला थोडा वेळ द्या, आणि त्या शनिवारी धाराशिवची गाडी पकडली.

अप्पा रानातच होते. त्यांचा थोरला मुलगा, त्याला मी दादा म्हणते, पाण्याची मोटार दुरुस्त करत होता. अव्वा चिंचेखाली चिंचोके वेचत बसल्या होत्या.

"आल्या मॅडम," दादा म्हणाला. "पुण्यात जेवायला देत न्हायत वाटतं. लई वाळलीस."

मी फोटोचं सांगितलं. "अप्पा, त्या फोटोत तुमच्या रानात घर दाखवलंय."

"आमच्या रानात? कुणी बांधलं?"

"तुम्हीच. येळवसची कोपी हाय ती."

अप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. अव्वांनी काय झालं म्हणून विचारलं, तसं त्यांनी कानडीत सांगितलं. अव्वा हसल्या नाहीत. "मग चुकलं काय त्यांचं?" त्या म्हणाल्या. "दिसभर ऱ्हातोच की आपण तितं. पाची पांडव ऱ्हातेत. घरच हाय ते."

"अव्वा, तुमाला नळपट्टी यील आता कोपीची," दादा म्हणाला. पण त्याचे हात थांबले होते. "रेघ कुटवर आलीय मग?"

"रस्त्यापर्यंत. तुमचं रान आत."

"अन् ती कोपी हाय म्हणून सांगितलंस तर?"

"बहुतेक नाल्यावर थांबेल. तुमचं रान बाहेर."

"बाहेर म्हंजे ग्रीन झोन."

"व्हय. वीस वर्षं रानच राहील."

दादानं पाना खाली ठेवला. "मग कशाला सांगती?"

तो रागावला नव्हता, उलट समजावल्यासारखा बोलायला लागला. "नाल्याला कसलं पाणी यायलंय बघितलंस का? गावाची गटार हाय ती. हरभरा भरला की सकाळी फिरायला आलेली माणसं डहाळे उपटून नेतेत. हटकलं तर म्हणतेत, दोन डहाळ्यांनी काय गरीब होणार हाय का तू. गावची डुकरं यायलेत रातच्याला. खुरपायला बाई गावत न्हाय. तुजी आईच गेली शाळंत, मग दुसऱ्याला काय बोलायचं? गावाला चिकटून रान करायचं म्हंजे रोज उठून गावाशी भांडायचं. मला भांडून कटाळा आलाय."

यातलं काहीच खोटं नव्हतं. नाल्याचा वास मला येता येता आला होता, पण मी तिकडं फार बघितलं नव्हतं.

अप्पा बांधावर टेकले. मग त्यांनी मला विचारलं, "फोटोत घर न्हाय ना?"

"न्हाय."

"मग न्हाय म्हणून सांग. पर ह्यो जे बोलला ते बी सांग तितं. गटारीचं सांग, डुकराचं सांग. निस्तं तुला बरं वाटतंय तितकंच सांगू नको."

मी मान खाली घातली. मला काय बरं वाटतं, हे मी कधी त्यांच्यापुढं बोलले नव्हते.

"अप्पा, तुमाला काय," दादा म्हणाला, "तुमाला वीस वर्षं काडायचीत का इतं?"

"न्हाय की. म्हणून तर मला इचारूच नगा. तुमचं तुमी दोघं बघा," असं म्हणून अप्पा उठले आणि विहिरीकडे गेले.

घरी आले तर आई ज्वारी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला ऐकून बरं वाटेल की रान वाचणार आहे. ती म्हणाली, "आतच असूं दे की."

"काय?"

"थोरल्याला म्या बोलून ठिवलंय. प्लॉट पाडलेच तर इहिरीकडचा एक आमाला ठिवा म्हणलं. त्यो व्हय म्हणलाय."

"कधी बोललीस?"

"तू पुण्याला गेलीस तवाच."

म्हणजे मी वसतिगृहात झोक्याची आठवण काढत होते तेव्हा आई त्याच जागेवर मनात घर बांधत होती. मी म्हणाले, "पण आई, ते रान..."

"रान त्यांचं हाय. हौस तुजी हाय," ती म्हणाली. सूप थांबलं नव्हतं. "तुला तितं झोका दिसतो. मला हराळी दिसती. म्या खुरपलंय ते रान. मला दोन खोल्या पायजेत, अन् एक खिडकी अशी पायजे की उघडली तर वारं यावं. बस."

वडील मशीनचं तेल पुसत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पोरीला काय करायचं ते करू दे. तिच्या शिक्षणाचा प्रश्न हाय."

"शिक्षणाचा न्हाय, माज्या घराचा प्रश्न हाय," आई म्हणाली, आणि मग आम्ही जेवलो.

त्या रात्री मी खोलीची खिडकी उघडून बघितली. समोर भिंत, भिंतीवर कुणीतरी लिहिलेला गाडी धुण्याच्या दुकानाचा फोन नंबर. लहानपणापासून मी तेच वाचत आले. आईला मी यावर कधी काही विचारलं नव्हतं. तिला काय हवंय हे मी येळवसवरूनच ठरवून टाकलं होतं, म्हणजे तिला तेच हवं असणार जे मला हवंय.

पुण्याला परत आल्यावर सरांना सांगितलं. कोपी, कडबा, पांडव, सगळं एकदम बाहेर आलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि उन्हाळ्यातला एक जुना फोटो काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला. तिथं नुसतं नांगरलेलं रान. माझे दोन्ही मित्र खुर्च्या ओढून आले. नागपूरकडचा म्हणाला, "म्हणजे मी अख्ख्या सहलीची वस्ती करून टाकली." सगळे हसलो. कोकणातल्यानं आंबील कशी लागते ते विचारलं. मी म्हणाले, आंबट, थंड, लसणाची.

मग मी दादाचं म्हणणं सांगितलं. नाल्यात सोडलेली गटार, डुकरं, डहाळे, न मिळणाऱ्या बाया. आणि आईचंही सांगितलं, नाव न घेता, "काही भूमिहीन कुटुंबांना तिथं घराची आशा आहे" असं. ते पुस्तकातल्यासारखं वाटलं. सरांनी विचारलं, "हे कुटुंब ओळखीचं आहे?" मी म्हणाले, "हो." त्यांनी जास्त विचारलं नाही. सगळं टिपणात लिहायला लावलं. म्हणाले की आपण फक्त कळवतो, ठरवणारे दुसरे आहेत.

रेघ नाल्यावर आली.

मसुदा जाहीर झाला तेव्हा दादाचा फोन आला. "मॅडम, तुमी काडलेल्या रेघेवर आता हरकत बी तुमीच लिवून द्या. आमाला कुटं तसलं मराठी येतंय." टोमणा होता, पण कामही होतं. मी लिहून दिली, मन लावून लिहिली. त्याची बाजू मला जेवढी भक्कम मांडता येईल तेवढी मांडली, वाक्यं दोनदा वाचून बघितली. सुनावणी झाली. गटार नाल्यात जाऊ नये याची सोय करू, पण काळी, पाण्याची जमीन शेतीसाठीच ठेवायची, असं उत्तर आलं. हरकत मान्य झाली नाही. वाढ नाल्याच्या अलीकडे, गावाच्या अंगाला.

मला आनंद झाला, हे लपवून काय करू? ते कळल्यावर मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले आणि चिंच, विहीर, काळी माती सगळं एकेक करून आठवलं. पण आईला फोन लावायला हात उचलेना. शेवटी तिनंच लावला. म्हणाली, "थोरल्याकडनं कळलं," आणि नंतर वडिलांच्या गुडघ्याचं बोलत राहिली.

या वर्षी परीक्षा आधी उरकली आणि येळवसला मला घरी जाता आलं. आदल्या दिवसापर्यंत आईनं भज्जीसाठी काहीच आणलं नव्हतं. आम्ही नेहमी चुक्याची भाजी घेऊन जायचो, आमच्याकडून तेवढीच. मी विचारलं तर म्हणाली, "बोलवणं तर येऊं दे." गल्लीतल्या दोन घरांना बोलावणी आली. ती माणसं आंबिलीचं मडकं रंगवत ओट्यावर बसली होती. आम्ही दार लोटून आत बसलो.

संध्याकाळी मोटारसायकल थांबली. दादा दारातच उभा राहिला, आत आला नाही. आईला म्हणाला, "काकू, उद्या यायचंय. आता काय, तुमचंच रान हाय. तुमच्या लेकीनंच ठिवलंय." मग माझ्याकडे बघितलं. "लौकर या. अव्वा वाट बघतीया." आई म्हणाली, "चुका आणते मग," आणि पिशवी घेऊन त्याच पावली बाजारात गेली.

दुसऱ्या दिवशी रानात ज्वारी छातीएवढी होती. कोपीच्या तोंडाशी अप्पा पाट टाकून बसले होते. मला बघून ते फक्त म्हणाले, "आलीस? आत जा, पाया पड." ते यंदा थकलेले दिसत होते. आंबील शिंपडत रानाला फेरी मारायचं काम दरवर्षी त्यांचं, ते यंदा दादानं केलं. जेवायला बसल्यावर दादानं माझ्या पत्रावळीवर भज्जी वाढली, नको म्हटलं तरी अजून वाढली. "खा. ग्रीन झोनची हाय, कुटं मिळणार न्हाय," तो म्हणाला. सगळे हसले, अप्पाही. मीही हसले. चव तीच होती. दोन वर्षं मी तिची आठवण काढली होती, आणि ती तोंडात असतानाही तशीच आठवण येत होती, याचं मला नवल वाटलं.

जेवण झाल्यावर आई दिसेना. ती नाल्याच्या कडेला बांधावर उभी होती, पदर डोक्यावरून पुढं ओढून. नाल्याच्या त्या बाजूला, रेघेच्या आतल्या रानात, पीक नव्हतं. तिथं कुणीतरी ट्रॅक्टर लावून जमीन सपाट केली होती आणि रस्त्याची मुरमाची पट्टी टाकली होती. मी तिच्याजवळ गेले. नाल्याचा वास येत होता, आधीपेक्षा कमी, पण येत होता.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. रेघेविषयी, मी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही त्याविषयी. तिनं मला बोलू दिलं नाही. हात लांब करून पलीकडचा सपाट तुकडा दाखवला.

"ते कुणाचं हाय गं?"

"माहीत नाही. दादाला विचारते."

"ते आत हाय ना तुज्या रेघंच्या?"

"हाय."

ती जरा वेळ बघत राहिली. मग मागं वळून अप्पांच्या रानाकडे बघितलं, ज्वारीकडे, चिंचेकडे, कोपीजवळ बसलेल्या माणसांकडे. पुन्हा पलीकडे बघितलं.

"तितनं हे दिसंल का?"

"कोपऱ्यावरचा प्लॉट मिळाला आणि खिडकी या बाजूला काढली तर दिसेल," मी म्हणाले.

"मग थोरल्याला इचार कुणाचं हाय ते," आई म्हणाली. "आत्ताच इचार. घरी गेल्यावर इसरशील."

दादा चिंचेखाली आडवा झाला होता. मी त्याच्याकडे निघाले.